रक्त केव्हा तपासले?

हत्तीरोगाच्या कृमींचा संसर्ग झालेल्या एखाद्या माणसाच्या बोटाला दुपारी बारा वाजता सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतला, तर सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा काहीच सापडत नाही. त्याच बोटातून मध्यरात्री घेतलेल्या थेंबात मात्र धाग्यासारख्या बारीक अळ्या डझनांनी वळवळताना दिसू शकतात. माणूस तोच, बोट तेच, तपासणाराही तोच. पण दुपारचा अहवाल सांगतो संसर्ग नाही आणि रात्रीचा सांगतो आहे. दोन्ही अहवाल प्रामाणिक असतात. फरक असतो तो फक्त वेळेचा.

ही गोष्ट जगाला दाखवून दिली सर पॅट्रिक मॅन्सन यांनी. उष्णकटिबंधीय वैद्यकाचे जनक म्हणून वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव घेतले जाते. डास रोगाच्या कृमीला आपल्या शरीरात वाढवतो, हे प्रथम त्यांनी पाहिले आणि रोनाल्ड रॉस यांना मलेरियाच्या शोधाची दिशाही त्यांनीच दाखवली. या मोठ्या कामगिरीपुढे त्यांचा रक्ततपासणीचा धडा थोडा मागे पडतो. तो धडा आजही प्रत्येक प्रयोगशाळेला आणि कुत्र्यांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक पशुवैद्यालाही लागू आहे. कुत्र्यांचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. या शोधात चीनमधल्या एका बंदरातील कुत्र्यांचा वाटा होता.

कारखान्यातून दवाखान्यात

पॅट्रिक मॅन्सन यांचा जन्म 3 ऑक्टोबर 1844 रोजी स्कॉटलंडमध्ये अ‍ॅबर्डीनजवळच्या ओल्डमेल्ड्रम या गावी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. मुलाला यंत्रांची आवड होती, म्हणून त्याला लहान वयातच अ‍ॅबर्डीनच्या एका लोखंडी कारखान्यात उमेदवारीला धाडले गेले. तेथले कष्ट त्याच्या शरीराला झेपले नाहीत. पाठीच्या कण्याचा त्रास सुरू झाला, उजवा हात दुबळा झाला आणि सक्तीची विश्रांती घ्यावी लागली. त्या रिकाम्या दिवसांत त्याने विद्यापीठात निसर्गविज्ञानाची व्याख्याने ऐकायला सुरुवात केली आणि त्यातून तो वैद्यकाकडे वळला. 1865 मध्ये अ‍ॅबर्डीन विद्यापीठाची वैद्यकीय पदवी मिळाली. काही काळ मनोरुग्णालयात नोकरी केल्यावर 1866 मध्ये मॅन्सन यांनी चीनच्या सागरी जकात खात्यात डॉक्टर म्हणून काम पत्करले.

पहिली नेमणूक फोर्मोसा बेटावर, म्हणजे आजच्या तैवानमध्ये होती. बंदरात येणाऱ्या जहाजांची तपासणी करायची, आजारी खलाशांवर उपचार करायचे आणि उरलेल्या वेळात स्थानिक लोकांना औषध द्यायचे, असे कामाचे स्वरूप होते. 1871 मध्ये ते समुद्रापलीकडच्या अमॉय, म्हणजे आजच्या शियामेन बंदरात आले. तेथल्या मिशन रुग्णालयात त्यांच्याकडे येणाऱ्या रुग्णांत हत्तीपायाचे रुग्ण फार. पाय खांबासारखे सुजलेले, अंडकोषाची प्रचंड वाढ झालेली, चालणे आणि कष्ट करणे अशक्य झालेले. मॅन्सन शस्त्रक्रियेत तरबेज झाले. वाढलेला भाग कापून ते माणसाला पुन्हा कामाला उभे करत. पण हा रोग होतो कशाने, याचे उत्तर ना त्यांच्याकडे होते ना त्यांच्या पुस्तकांत.

1875 मध्ये रजेवर लंडनला असताना त्यांनी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात बसून या रोगावर छापलेले मिळेल ते वाचून काढले. तेथे त्यांच्या हाती कलकत्त्याच्या टिमोथी लुईस यांचे लेखन आले. लष्करी डॉक्टर असलेल्या लुईस यांना 1872 मध्ये माणसाच्या रक्तात जिवंत, हलणाऱ्या सूक्ष्म अळ्या दिसल्या होत्या आणि दुधाळ लघवी व हत्तीपाय या तक्रारींशी त्यांचा संबंध असावा, असे त्यांना वाटत होते. मॅन्सन यांना हवा असलेला धागा सापडला. त्याच वर्षी त्यांनी लग्न केले आणि 1876 मध्ये पत्नीसह ते पुन्हा अमॉयला आले. सामानात सूक्ष्मदर्शक होताच.

कुत्र्याच्या हृदयातला गुंता

अमॉयमध्ये माणसाचे शवविच्छेदन करणे जवळजवळ अशक्य होते. मृतदेहाची चिरफाड तेथल्या लोकांना मान्य नव्हती. कुत्र्यांच्या बाबतीत तशी अडचण नव्हती. तेथील कुत्र्यांत रक्तातल्या अळ्यांचा संसर्ग भरपूर होता. त्यातला एक कृमी म्हणजे आज आपण ज्याला कुत्र्याचा हृदयकृमी म्हणतो तो.

या कृमीला 1856 मध्ये अमेरिकेतील जोसेफ लीडी यांनी नाव दिले होते. त्यातल्या इमायटिस या लॅटिन शब्दाचा अर्थ निर्दय. पुढे विसाव्या शतकात त्याला डायरोफायलेरिया हे कुलनाम मिळाले. त्याचा अर्थ भयंकर धागा. नाव सार्थ आहे. मादी 25 ते 30 सेंटिमीटर लांब वाढते. फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमन्यांत हे कृमी राहतात आणि संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यात शिजवलेल्या शेवयांसारखा त्यांचा गुंता होतो. कुत्रा खोकू लागतो, थोड्या धावण्याने दमतो, रोडावतो. पुढे पोटात पाणी साचते आणि तो दगावू शकतो.

मॅन्सन यांच्या दृष्टीने कुत्रा हे उघडून वाचता येणारे पुस्तक होते. हृदयात प्रौढ कृमी आणि त्याच कुत्र्याच्या रक्तात त्यांची पिल्ले, म्हणजे सूक्ष्म अळ्या, असा सारा संसार त्यांना एकाच ठिकाणी पाहता आला. यावरून त्यांनी माणसाबद्दल अंदाज बांधला. माणसाच्या रक्तात दिसतात तीही पिल्लेच असली पाहिजेत आणि त्यांचे आईबाप शरीरात दुसरीकडे कोठे तरी दडलेले असले पाहिजेत. तो अंदाज लवकरच खरा ठरला. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनचे जोसेफ बँक्रॉफ्ट यांना 1876 मध्ये माणसाच्या शरीरातला प्रौढ कृमी सापडला आणि कृमीला त्यांचे नाव मिळाले.

पुढचा प्रश्न जास्त अवघड होता. रक्तातली ही पिल्ले मोठी कोठे होतात? मॅन्सन यांनी साधा हिशेब मांडला. काही कुत्र्यांच्या व माणसांच्या रक्तात एका वेळी 20 लाखांहून अधिक अळ्या असतात, असे त्यांचे गणित होते. एवढ्या अळ्या तेथेच वाढू लागल्या, तर पुरत्या मोठ्या होण्याच्या कितीतरी आधी त्यांचे एकत्रित आकारमान कुत्र्यापेक्षा अनेक पटींनी जास्त होईल. कुत्रा मरेल आणि त्याच्याबरोबर कृमीही मरतील. म्हणजे अळीला वाढायचे असेल तर बाहेर पडावेच लागणार. पण रक्तवाहिनीला दार नाही, अळीला भोक पाडायला अवजार नाही. मग कोणीतरी बाहेरून येऊन तिला घेऊन जात असले पाहिजे. रक्त पिणारे आणि हत्तीपाय आढळणाऱ्या उष्ण प्रदेशांत सगळीकडे असणारे असे कोण? मॅन्सन यांचे बोट डासाकडे वळले.

हिन-लो आणि डासांची खोली

1877 मध्ये त्यांनी प्रयोग केला. रक्तात भरपूर अळ्या असलेला त्यांचा चिनी माळी हिन-लो याला एका खास बांधलेल्या खोलीत झोपवले. दिवा लावून दार काही वेळ उघडे ठेवले, डास आत आले, मग दार बंद केले. सकाळी रक्त पिऊन भिंतीवर सुस्त बसलेले डास पेल्याखाली धरून, तंबाखूच्या धुराने गुंगवून कुप्यांत भरले. रोज काही डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हा क्रम सुरू झाला. डासाच्या पोटात अळी आपले बारीक आवरण टाकते, पोटाची भिंत भेदून छातीच्या स्नायूंत शिरते आणि तेथे दिवसागणिक वाढत जाते, हे मॅन्सन यांनी पाहिले. एखादा कीटक माणसाच्या रोगकारक कृमीला आपल्या शरीरात वाढवतो, याचा हा पहिला पुरावा. मार्च 1878 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे त्यांचे निष्कर्ष वाचले गेले.

आजच्या नियमांत हा प्रयोग बसणार नाही. माळी नोकर होता, मॅन्सन मालक होते. अशा नात्यात नकार द्यायला किती जागा असते, हे सांगायला नको. विज्ञानाच्या इतिहासात मॅन्सन यांच्या नावाबरोबर हिन-लोचे नाव टिकून राहिले, एवढे तरी बरे झाले.

रात्रपाळीच्या मदतनिसाचा निकाल

रक्त तपासण्याचे काम एकट्याने होण्यासारखे नव्हते. मॅन्सन यांनी दोन चिनी मदतनिसांना सूक्ष्मदर्शक वापरायला शिकवले आणि शेकडो लोकांचे रक्त तपासून घेतले. त्यात एक कोडे पुन्हा पुन्हा पुढे येई. एकाच माणसाच्या रक्तात कधी अळ्या भरपूर दिसत, कधी एकही नसे. एक मदतनीस दिवसा काम करी, दुसरा संध्याकाळनंतर. संध्याकाळनंतर तपासणाऱ्याला अळ्या नेहमीच जास्त सापडत.

अशा वेळी दिवसाचा मदतनीस कामचुकार आहे किंवा रात्रीचा हात राखून खरे सांगत नाही, असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. मॅन्सन यांनी दोघांवरही विश्वास ठेवला आणि संशय घड्याळावर घेतला. त्याच रुग्णांचे रक्त दिवसरात्र ठरावीक तासांनी तपासून त्यांनी आलेख काढले. चित्र स्पष्ट झाले. सूर्य मावळला की बोटाच्या रक्तात अळ्या येऊ लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांची गर्दी होते, पहाटेपासून ओसरते आणि सकाळी उशिरापर्यंत त्या जवळजवळ नाहीशा होतात. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

1879 च्या सुमारास ही बातमी लंडनला पोहोचली, तेव्हा या कृमींच्या खिशात घड्याळ असते की काय, अशी चेष्टा झाल्याचे सांगितले जाते. घड्याळ होतेच, पण ते माणसाच्या झोपेला जोडलेले होते. लंडनमधील डॉ. स्टीफन मॅकेंझी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपायला आणि रात्री जागायला लावले. काही दिवसांत अळ्यांनीही आपली पाळी बदलली आणि त्या दिवसा दिसू लागल्या. या येरझाऱ्यांचा अर्थ मॅन्सन यांना उमगला. अळ्यांना ज्या डासाबरोबर जायचे आहे, तो रात्री चावतो. म्हणून त्या रात्री कातडीजवळच्या रक्तात येऊन बसतात. दिवसा त्या कोठे जातात, याचा उलगडा पुढे 1890 च्या दशकाअखेर त्यांच्याच एका रुग्णाच्या शवविच्छेदनातून झाला. दिवसा अळ्या फुप्फुसाच्या आणि मोठ्या रक्तवाहिन्यांत विसावलेल्या असतात.

सगळ्या अळ्यांचे घड्याळ मात्र सारखे नसते. आफ्रिकेतून आलेल्या रुग्णांच्या रक्तात 1891 मध्ये मॅन्सन यांना अशा अळ्या दिसल्या, ज्या दिवसा येतात आणि रात्री नाहीशा होतात. त्यांचा वाहक दिवसा चावणारी माशी असावी, हा त्यांचा तर्क पुढे खरा ठरला. हा लोआ नावाचा, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून सरकताना दिसणारा कृमी. तेव्हा रात्रीच रक्त घ्या, असा सरसकट नियमही चुकीचाच. कोणता कृमी शोधायचा आहे, यावर रक्ताची वेळ ठरते.

एक अर्धवट उत्तर

मॅन्सन यांची एक मोठी चूकही येथे सांगितली पाहिजे. डास आयुष्यात एकदाच रक्त पितो, चार-पाच दिवस जगतो, अंडी घालून पाण्यात मरतो, अशी त्या काळची समजूत होती. त्यामुळे मेलेल्या डासातून अळ्या पाण्यात उतरतात आणि ते पाणी पिणाऱ्याला रोग होतो, असे त्यांनी मानले. अळी डासात शिरताना त्यांनी पाहिली, पण ती बाहेर कशी पडते हे पाहिले नाही. जे पाहिले नाही ते तर्काने भरून काढले आणि तेथे घसरले.

ही चूक दुरुस्त व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ गेला. ब्रिस्बेनचे टॉमस बँक्रॉफ्ट यांनी डासांना नीट खायला घालून जास्त दिवस जगवून दाखवले. 1900 मध्ये जॉर्ज कार्माइकल लो यांनी अशा डासांचे पातळ छेद घेतले आणि डासाच्या सोंडेत जाऊन बसलेली अळी दाखवली. म्हणजे वाट पाण्याची नव्हती, चावण्याचीच होती. लो हे मॅन्सन यांच्याच संस्थेतले. आपल्या गुरूचे मत त्यांनी गुरूच्या घरातच खोडून काढले आणि ते गुरूने मान्यही केले. त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि नोए यांनी कुत्र्याच्या हृदयकृमीवर काम करून हाच निष्कर्ष काढला. माणसाच्या रोगाचे कोडे सोडवायला कुत्रा पुन्हा एकदा मदतीला आला होता.

हाँगकाँग, लंडन आणि रॉस

1883 मध्ये मॅन्सन हाँगकाँगला गेले. तेथे त्यांचा व्यवसाय जोरात चालला. शहराला स्वच्छ दूध मिळावे म्हणून त्यांनी डेअरी काढण्यात पुढाकार घेतला आणि 1887 मध्ये चिनी विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे ते पहिले अधिष्ठाता झाले. या महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांत सन यत्सेन हे एक होते, जे पुढे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक झाले. 1896 मध्ये चिनी वकिलातीने त्यांना लंडनमध्ये डांबून ठेवले, तेव्हा सुटकेसाठी धावपळ करणाऱ्यांत मॅन्सन होते.

1889 मध्ये निवृत्तीच्या विचाराने ते मायदेशी परतले. पण चिनी चलनाचा भाव घसरला, साठवलेली पुंजी आटली आणि पंचेचाळिशीच्या घरात लंडनमध्ये पुन्हा दवाखाना थाटावा लागला. वैद्यकाच्या दृष्टीने हे नुकसान पथ्यावर पडले. लंडनच्या गोदीत उतरणाऱ्या खलाशांच्या रुग्णालयात त्यांना उष्ण प्रदेशातले सगळे आजार पाहायला मिळू लागले. 1894 मध्ये त्यांनी मलेरियाचा परजीवीही डासातच वाढत असावा, असे अनुमान प्रसिद्ध केले. त्याच वर्षी रजेवर आलेल्या, अल्मोड्यात जन्मलेल्या रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला त्यांनी मलेरियाचा परजीवी प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. तोवर रॉस यांचा त्या परजीवीच्या अस्तित्वावरच विश्वास नव्हता. पुढची चार वर्षे भारतातून रॉस आणि लंडनहून मॅन्सन यांच्यात शंभराहून अधिक पत्रांची देवाणघेवाण झाली. ऑगस्ट 1897 मध्ये सिकंदराबादला रॉस यांना डासाच्या पोटात तो परजीवी सापडला आणि 1898 मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या मलेरियाचे पूर्ण चक्र उलगडले. नोबेल पारितोषिक 1902 मध्ये एकट्या रॉस यांना मिळाले. पुढे गुरुशिष्यांत वितुष्ट आले, प्रकरण कोर्टापर्यंत गेले, हे दुर्दैव.

1900 मध्ये रोमहून आणलेले मलेरियाग्रस्त डास मॅन्सन यांच्या मुलाने स्वतःला चाववून घेतले. त्याला मलेरिया झाला, रक्तात परजीवी दिसले आणि क्विनाइनने तो बरा झाला. ज्यांचा डासावर विश्वास नव्हता त्यांच्यासाठी हा मोठा पुरावा होता. हाच मुलगा 1902 मध्ये अपघातात गेला.

1898 मध्ये मॅन्सन यांचे उष्णकटिबंधीय रोगांवरील पुस्तक आले, ज्याच्या सुधारित आवृत्त्या आजही डॉक्टरांच्या हाती असतात. 1899 मध्ये लंडनमध्ये त्यांच्या पुढाकाराने उष्णकटिबंधीय वैद्यकाचे विद्यालय सुरू झाले. त्यामागे वसाहती टिकवण्याचे साम्राज्याचे गणित होते, हेही खरे. संधिवाताने जर्जर झालेले मॅन्सन 9 एप्रिल 1922 रोजी लंडनमध्ये वारले.

आजची तपासणी

मॅन्सन गेल्यावर शंभर वर्षांत रक्ततपासणी खूप पुढे गेली. कुत्र्याच्या हृदयकृमीची तपासणी कशी सुधारत गेली, हे पाहिले तर त्यांचाच धडा दर टप्प्यावर नव्याने भेटतो.

पहिली पद्धत मॅन्सन यांचीच, म्हणजे ताज्या रक्ताचा थेंब पाहायचा. एका थेंबात अळी नसली तरी पाव चमचा रक्तात असू शकते. म्हणून 1939 मध्ये नॉट यांनी नवी पद्धत आणली. 1 मिलिलिटर रक्तात 9 मिलिलिटर सौम्य फॉर्मेलिन मिसळायचे, तांबड्या पेशी फोडायच्या आणि मिश्रण वेगाने फिरवून तळाशी बसलेला साका तपासायचा. दिवसाच्या रक्तातही अळ्या सापडाव्यात, हा त्यामागचा हेतू होता. मुळात ती माणसांसाठी होती. पशुवैद्य आजही ती वापरतात. साक्यातल्या अळीची लांबी व डोक्याचा आकार पाहून ती हृदयकृमीची आहे की कातडीखाली राहणाऱ्या दुसऱ्या कृमीची, हेही ओळखता येते. भारतात हे महत्त्वाचे आहे. हृदयकृमी प्रामुख्याने ईशान्येत आढळतो, तर दक्षिणेत त्याचा कातडीखाली राहणारा भाऊबंद जास्त दिसतो. हा भाऊबंद क्वचित माणसाच्या डोळ्यातही सापडतो.

पण हृदयात कृमी असूनही रक्तात एकही अळी नाही, असेही अनेक कुत्र्यांत घडते. सगळे कृमी नर असतील, माद्या वयात आल्या नसतील, कुत्र्याच्या प्रतिकारशक्तीने अळ्या नष्ट केल्या असतील किंवा महिन्याच्या प्रतिबंधक औषधाने माद्या वांझ झाल्या असतील, तर सूक्ष्मदर्शकाला काही दिसणार नाही. म्हणून 1980 च्या दशकात प्रतिजन तपासणी आली. तीत अळी शोधत नाहीत, प्रौढ मादीच्या शरीरातून रक्तात झिरपणारे प्रथिन शोधतात. ही तपासणी चांगली आहे, पण संसर्गानंतर साधारण सहा-सात महिने तिला काही सापडत नाही आणि नुसते नर असतील तर पुढेही सापडत नाही.

त्यानंतर आणखी एक कोडे पुढे आले. काही कुत्र्यांत प्रौढ माद्या असूनही प्रतिजन तपासणी नकारात्मक येते. कारण कुत्र्याच्या शरीरातील प्रतिपिंडे त्या प्रथिनाला घट्ट धरून बसतात आणि तपासणीच्या पट्टीला ते दिसत नाही. अलीकडच्या वर्षांत संशोधकांनी दाखवले की असा रक्तद्रव आधी तापवला, तर प्रतिपिंडांची पकड सुटते आणि लपलेले प्रथिन उघडे पडते. प्रत्येक नमुना तापवण्याची गरज नसते. लक्षणे हृदयकृमीची आणि अहवाल नकारात्मक, अशी विसंगती असेल तेव्हा हा मार्ग उपयोगी पडतो. म्हणूनच हृदयकृमीचा प्रादुर्भाव असलेल्या देशांत तज्ज्ञ दर वर्षी प्रतिजन आणि अळ्या या दोन्ही तपासण्या करायला सांगतात.

अहवाल चुकला तर त्याची किंमत मोजावी लागते. अळ्यांनी भरलेल्या कुत्र्याला डायइथाइलकार्बामाझिन हे औषध दिले, तर एकदम मरणाऱ्या अळ्यांमुळे त्याला जीवघेणा धक्का बसू शकतो. हेच औषध माणसाच्या हत्तीरोगात वापरले जाते. 1940 च्या दशकात अमेरिकेत यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली ते तयार झाले. विशेष म्हणजे त्याचा छोटा डोस दिल्यावर रात्री येणाऱ्या अळ्या दिवसाही रक्तात येतात. त्यामुळे काही वेळा रात्रीची वाट न पाहता तपासणी करता येते.

विदर्भातील चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, नागपूर या जिल्ह्यांत हत्तीरोग नियंत्रण पथकांचे कर्मचारी आजही रात्री जेवणवेळेनंतर वस्तीत जाऊन, लोकांना उठवून बोटातून रक्त घेतात. रात्र चिकित्सालये त्यासाठीच आहेत. झोपमोड झाली म्हणून लोक रागावतात, दार उघडत नाहीत, सकाळी या म्हणतात. सकाळी येऊन उपयोग नसतो, हे त्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते. आता दिवसा कधीही करता येणाऱ्या पट्टीच्या प्रतिजन चाचण्या आल्या आहेत. पण त्या मोठ्या कृमीची खूण शोधतात. रक्तात फिरणाऱ्या, डासाच्या तोंडी लागून शेजाऱ्याकडे जाणाऱ्या अळ्या मोजायच्या असतील, तर रात्रीच्या थेंबाला अजून पर्याय नाही.

नकारात्मक अहवाल हाती आला की आपण सुटकेचा श्वास टाकतो. बहुतेक वेळा तो योग्यच असतो. पण लक्षणे हटत नसतील, तर रक्त केव्हा घेतले, किती घेतले आणि त्यात नेमके काय शोधले, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. रुग्ण माणूस असो की दारातला कुत्रा, तपासणी तिला विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते.